आधी काय दिसतं ते सांगा : एलजीबीटीक्यू पुस्तकं, चित्रकादंबऱ्या आणि आपला पुस्तक परिचय



पुस्तक परिचय हा प्रकार आपल्याला नवा नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत कोणीतरी पुस्तक घेऊन उभं राहतं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, तेव्हा प्रत्येक शाळेतून एक तरी परिचय होतो. त्याचा साचाही ठरलेला आहे. लेखकाचं नाव, प्रकाशन, पृष्ठसंख्या, थोडक्यात कथा आणि शेवटी 'प्रत्येकाने आवर्जून वाचावे असे पुस्तक'. साच्यात वाईट काही नाही, वेळ पाचच मिनिटांचा असतो.

गेली काही वर्षं मी जी पुस्तकं वाचतेय, ती मात्र या साच्यात मावत नाहीत. ती समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी माणसांची पुस्तकं आहेत. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून एलजीबीटीक्यू म्हणतात. त्यातली बरीचशी चित्रकादंबऱ्या आहेत, म्हणजे गोष्ट चित्रांच्या चौकटींमधून सांगितलेली. अशा पुस्तकाबद्दल बोलायला उभं राहिलं की समोरचे दोन गोष्टी करतात. काही जण खाली बघतात आणि काही जण म्हणतात, "विषय फार बोल्ड आहे हो!" पुस्तक राहतं बाजूला आणि पाच मिनिटं विषयावरच चर्चा होते.

ही पुस्तकं कशी वाचावीत आणि त्यांचा परिचय कसा लिहावा, हे आज सांगायचं आहे. मी प्राथमिकची शिक्षिका आहे, समीक्षक नाही. पण आपल्याकडे, म्हणजे पहिली ते चौथी शिकवणाऱ्यांकडे, एक कौशल्य आहे जे या पुस्तकांसाठी अगदी उपयोगी पडतं. ते म्हणजे चित्रवाचन.

मी या पुस्तकांकडे कशी वळले

माझी भाची अकरावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्या बॅगेत 'हार्टस्टॉपर' नावाची पुस्तकं होती. मी हात लावला तर म्हणाली, "मावशी, ते तू नको वाचूस. तुला नाही आवडणार."

मी म्हटलं, "का गं? इंग्रजी आहे म्हणून?"

"नाही गं. दोन मुलांची लव्हस्टोरी आहे."

मग तर वाचायलाच हवं होतं. रात्री सगळे झोपल्यावर पहिला भाग हातात घेतला. माझं इंग्रजी बेताचंच. जाड कादंबरी असती तर दहा पानांत सोडली असती. पण इथे शब्द थोडे आणि चित्रं जास्त. एका बैठकीत भाग संपला. सकाळी भाचीला म्हटलं, "दुसरा भाग दे." ती बघतच राहिली.

'हार्टस्टॉपर' ॲलिस ओसमन या इंग्लंडमधल्या लेखिकेचं आहे. २०१६ पासून ते इंटरनेटवर पान-पान करून येत होतं, पुढे पुस्तकं निघाली आणि २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिकाही आली. मुलांच्या एका शाळेतली गोष्ट. चार्ली समलिंगी आहे, हे सगळ्या शाळेला कळलेलं आहे आणि त्यावरून त्याला खूप त्रास देऊन झालेला आहे. निक हा त्याच्यापेक्षा एक वर्ष मोठा, रग्बी खेळणारा मुलगा. दोघं वर्गात शेजारी बसतात. पुढे मैत्री आणि मैत्रीतून प्रेम. एवढीच गोष्ट.

चित्रवाचन आपल्याला येतंच

डी.एड.ला असताना चित्रवाचनाच्या पाठासाठी आमच्या मॅडमनी एक नियम घालून दिला होता. मुलांना आधी 'काय दिसतं?' विचारायचं. 'काय वाटतं?' हे नंतर. आणि 'यातून काय शिकलो?' हे सगळ्यात शेवटी, तेही वेळ उरला तर. चित्रात बाई विहिरीवर उभी आहे, हे मुलानं सांगायच्या आधीच आपण 'पाण्याचे महत्त्व' फळ्यावर लिहिलं, की मग मूल चित्र बघतच नाही. ते फळा बघतं.

चित्रकादंबरी वाचताना मी हाच नियम लावते. 'हार्टस्टॉपर'मध्ये सुरुवातीला एके ठिकाणी निक आणि चार्ली एकमेकांना नुसतं 'हाय' म्हणतात. पुढच्या चौकटीत परत 'हाय'. परत 'हाय'. दिवस बदलतात, शब्द तोच. काय दिसतं? दोन चेहरे आणि एक शब्द. पण चेहरे दर वेळी थोडे वेगळे आहेत. दोन चौकटींच्या मध्ये जी पांढरी पट्टी सुटलेली असते, त्या पट्टीत एकेक दिवस गेलेला असतो. तो दिवस लेखिकेनं काढलेला नाही, तो आपण मनात काढतो. पहिलीतलं मूलसुद्धा 'आधीच्या चित्रात मडकं भरलेलं, नंतरच्या चित्रात फुटलेलं, म्हणजे मध्ये कोणीतरी पाडलं' हे ओळखतं ना, तसंच.

आतली चित्रं काळी-पांढरी आहेत. पात्रांच्या मनात काही हललं की पानावर छोटी छोटी पानं-फुलं तरंगताना दिसतात. कोणी 'मला तू आवडतोस' असं म्हणायच्या आधीच ती उडायला लागतात.

आता दुसरं उदाहरण, अगदी वेगळ्या जातीचं. अमृता पाटील यांची 'कारी' ही इंग्रजी चित्रकादंबरी २००८ मध्ये भारतात प्रकाशित झाली. हे मोठ्यांचं पुस्तक आहे. कारी आणि रूथ या दोघी एकमेकींवर प्रेम करणाऱ्या. पहिल्याच पानांत दोघी इमारतीवरून उडी मारतात. रूथ जाळीत पडून वाचते आणि शहर सोडून निघून जाते. कारी गटाराच्या पाण्यात पडून वाचते. मग उरलेलं पुस्तक हे त्या गटारानं वाचवलेल्या मुलीचं आहे. ती जाहिरात कंपनीत शांपूच्या जाहिराती लिहिते, मैत्रिणींबरोबर दाटीवाटीनं राहते, कॅन्सरनं मरणाऱ्या एंजल नावाच्या बाईची सोबत करते.

'कारी'त बहुतेक पानं राखाडी-काळी आहेत, कोळशानं घासल्यासारखी. मधूनच एखादं पान रंगीत होतं. रंग कुठे येतो आणि कुठे येत नाही, एवढंच वहीत टिपत गेलं तरी अर्धं पुस्तक कळतं. परिचय लिहिताना 'समलैंगिकतेवर आधारित धाडसी कादंबरी' असं लिहिलं तर हे राखाडी शहर, ते गटार, ती एंजल यातलं काहीच सांगून होत नाही. आणि वाचणाऱ्याला वाटतं, मला विषय कळला, आता पुस्तक कशाला वाचू?

शिक्षकाच्या घरातली गोष्ट

आपल्यापैकी अनेकांना ॲलिसन बेकडेल यांचं 'फन होम' जवळचं वाटेल, कारण त्यातले वडील शिक्षक आहेत. अमेरिकेतल्या एका लहान गावात ते हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे आणि घरचा अंत्यसंस्काराचा व्यवसायही बघायचे. 'फन होम' हे नाव त्यावरूनच. 'फ्युनरल होम'ला घरातली मुलं लाडानं 'फन होम' म्हणायची. हे लेखिकेचं आत्मकथन आहे, २००६ मध्ये आलं आणि पुढे त्यावर संगीत नाटकही झालं.

लेखिका कॉलेजात असताना घरी पत्र लिहून कळवते की ती समलिंगी आहे. त्यानंतर तिला कळतं की वडिलांचंही पुरुषांवर प्रेम होतं आणि ते त्यांनी आयुष्यभर लपवलं. थोड्याच महिन्यांत ट्रकखाली येऊन वडील जातात. अपघात की आत्महत्या, हे लेखिकेला शेवटपर्यंत नक्की सांगता येत नाही. म्हणून ती त्याच प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा येते, दर वेळी वेगळ्या बाजूनं.

या वडिलांना पुस्तकात चांगलं ठरवलेलं नाही आणि वाईटही ठरवलेलं नाही. ते घरात कडक आहेत, जुनं घर सजवण्याचं त्यांना वेड आहे, मुलांपेक्षा त्यांना फर्निचरची काळजी जास्त. शिवाय विद्यार्थ्यांशी असलेले त्यांचे काही संबंध उघडउघड चुकीचे होते आणि तेही लेखिका लपवत नाही. चित्रं निळसर-हिरवट छटेची, जुन्या फोटोंसारखी. परिचयात मी लिहिलं होतं : 'या मुलीला वडील आवडतात का, ते वाचून ठरवा. माझं अजून ठरलेलं नाही.' आमच्या एका सहकारी मॅडमनी तेवढ्या एका वाक्यावर पुस्तक वाचायला मागितलं.

मराठीतलं क्रियापद सगळं सांगून टाकतं

आता मराठीकडे येऊ. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी मौजेनं २००६ मध्ये काढली. पुण्यातलं एक घर, तनय आणि अनुजा हे भाऊ-बहीण, आणि घरात राहायला आलेला एक पेइंग गेस्ट. दोघंही त्याच्याच प्रेमात पडतात आणि तो दोघांनाही सोडून जातो. पहिला भाग तनयचा, दुसरा अनुजाचा. त्या पाहुण्याला पुस्तकात नावच नाही. जेरी पिंटो यांनी २०१३ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०२२ मध्ये स्वतः कुंडलकरांनी त्यावर हिंदी चित्रपट केला.

तनय त्याच्या भागात त्या पाहुण्याशी 'तू' म्हणून बोलतो. मराठीत 'मी आलो', 'तू गेलास' असं म्हटलं, की बोलणाराही पुरुष आणि ज्याच्याशी बोलतोय तोही पुरुष, हे दोन शब्दांत कळतं. इंग्रजीतल्या 'आय' आणि 'यू'मधून ते कळत नाही. म्हणजे हीच गोष्ट मराठीत सांगताना लेखकाला आडोसाच नाही. पहिल्या पानापासून सगळं उघड्यावर. ही आपल्या भाषेची ताकद आहे, असं मला वाटतं. व्याकरण शिकवताना लिंगाचा तक्ता आपण दर वर्षी भिंतीवर लावतो, पण त्या तक्त्यातून एवढं काही निघू शकेल असं डोक्यात आलं नव्हतं.

याचीच दुसरी बाजूही आहे. 'गुठली हॅज विंग्ज' हे कनक शशी यांचं लहान मुलांसाठीचं चित्रपुस्तक २०१९ मध्ये तुलिका प्रकाशनानं काढलं. गुठली हे भरपूर बडबड करणारं, गोष्टी रचून सांगणारं, सायकल उडवणारं पोर आहे. घरचे तिला मुलगा म्हणतात. तिला मात्र आतून आपण मुलगी आहोत असंच वाटतं. घरच्यांना ते आधी पचत नाही, मग हळूहळू समजतं.

हे पुस्तक मराठीतून सांगायला बसलं की पहिल्याच वाक्याला प्रश्न येतो. 'गुठली आला' म्हणायचं की 'गुठली आली'? सांगणाऱ्याला निवड करावीच लागते. मी 'आली' म्हणते, कारण गुठली स्वतःबद्दल तसंच सांगते. परिचय लिहितानाही हेच. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' या आत्मकथनाबद्दल लिहायचं तर त्या स्वतःला ज्या लिंगात सांगतात तेच आपण वापरायचं. याला वेगळ्या कायद्याची गरज नाही, साधा शिष्टाचार आहे. आपण एखाद्या मुलाचं नाव त्याच्या घरच्या उच्चारानं घेतो, तितकंच ते साधं आहे.

शेवटी ती माणसं जगतात का?

ही पुस्तकं ओळीनं वाचल्यावर एक गोष्ट माझ्या वहीत वारंवार यायला लागली. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. सुमित्रा, म्हणजे मित्रा, एका मुलीवर प्रेम करते. मराठी रंगभूमीवर त्या काळात हे आणणं मोठीच गोष्ट होती. पण शेवटी मित्रा जीव देते. हिमांजली संकर यांची 'टॉकिंग ऑफ मुस्कान' ही किशोरांसाठीची इंग्रजी कादंबरी २०१४ मध्ये आली, ती सुरूच होते मुस्काननं जीव द्यायचा प्रयत्न केल्याच्या बातमीनं. 'कारी'ची सुरुवात उडीनं. 'फन होम'मध्ये वडिलांचा मृत्यू.

यातलं एकही पुस्तक खोटं नाही. लेखकांनी जे आजूबाजूला बघितलं ते लिहिलं. पण परिचय देताना आपण कोणासमोर बोलतोय याचा विचार हवा. समोर बसलेल्या शिक्षकांमध्ये, किंवा वाचनालयात आपला परिचय वाचणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांमध्ये, ज्याला ही गोष्ट स्वतःची वाटते असा कोणी असू शकतो. तो पहिल्यांदा हेच शोधणार, की माझ्यासारख्याचं शेवटी काय होतं. दर वेळी उत्तर 'मरतो' असंच मिळालं तर त्यानं काय करायचं?

म्हणून मला 'हार्टस्टॉपर'सारख्या गोड गोष्टींचं महत्त्व वाटतं. साहित्य म्हणून ते 'कोबाल्ट ब्लू'च्या तोडीचं नसेलही. गोड आहे, कधी कधी जरा जास्तच गोड. पण त्यात दुसऱ्या भागाच्या शेवटी निक आईला सगळं सांगतो, तेव्हा आई त्याला जवळ घेते. मला हे सांगता येणार नाही असं तुला कधी वाटलं असेल तर माफ कर, अशा अर्थाचं ती बोलते. मुलानं आईची क्षमा मागायची, हे आपण हजारदा वाचलंय. इथे आई मागते. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ तशीच बसले.

त्याच मालिकेच्या चौथ्या भागात चार्लीला खाण्याचा आजार होतो, तो स्वतःला इजा करून घेतो, हेही परिचयात सांगायला हवं. गोड आहे म्हणून डोळे झाकून कोणाच्याही हातात द्यावं असं नाही.

एक चौकट दाखवून पुस्तक ठरवू नये

अमेरिकेत मैया कोबाबे यांचं 'जेंडर क्वीर' नावाचं चित्रमय आत्मकथन २०१९ मध्ये आलं. आपण पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही, हे समजून घेण्याचा लेखकाचा अनेक वर्षांचा प्रवास त्यात आहे. तिथल्या ग्रंथालय संघटनेच्या यादीत २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षं, सर्वाधिक हरकती घेतलेलं पुस्तक म्हणून ते पहिल्या क्रमांकावर होतं. हरकती घेणारे बरेचदा त्यातली एखाद-दुसरी चौकट काढून दाखवत. चित्रकादंबरीला हा धोका कायमचा आहे. कादंबरीतला परिच्छेद सुटा करून दाखवला तर वाचावा तरी लागतो. चित्र मोबाईलवर एका क्षणात पसरतं.

म्हणजे 'शाळेच्या वाचनालयात काहीही ठेवा' असं माझं म्हणणं नाही. 'जेंडर क्वीर' मीही लहान मुलांच्या हातात देणार नाही, त्यात शरीराबद्दलची उघड चित्रं आहेत. वय बघायलाच हवं. पण वय बघणं वेगळं आणि न वाचता एका चौकटीवर निकाल देणं वेगळं.

आपल्याकडेही २०२१ मध्ये एनसीईआरटीनं पारलिंगी मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण पुस्तिका तयार केली होती. तक्रार झाल्यावर थोड्याच दिवसांत ती संकेतस्थळावरून निघाली. त्यामुळे आपल्या हातात तयार साहित्य कमीच आहे, आणि पुस्तकांचाच आधार उरतो.

'हे कायद्यात बसतं का?' असं मला नेहमी विचारलं जातं, म्हणून दोन तारखा पाठ ठेवा. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पारलिंगी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयानं संमतीनं एकत्र येणाऱ्या प्रौढांना कलम ३७७ मधून बाहेर काढलं. पुस्तकावर बोलणं तर त्याआधीही गुन्हा नव्हता.

परिचय लिहिताना मी विचारते ते पाच प्रश्न

१. गोष्ट कोण सांगतंय? ते माणूस स्वतः, की त्याच्याकडे बघणारं दुसरं कोणी? 'मित्राची गोष्ट' बापू सांगतो, 'कारी' कारी सांगते. यानं खूप फरक पडतो.

२. त्या पात्राला याशिवाय आणखी काय काय येतं, आवडतं, जमत नाही? उत्तर 'काहीच नाही' असेल तर पात्र कच्चं आहे.

३. चित्रं काय सांगतात जे शब्द सांगत नाहीत? निदान एक चौकट शब्दांत वर्णन करून लिहायची.

४. शेवट कसा आहे? गोष्ट फोडायची नाही, पण जड प्रसंग असतील तर आधी सांगायचं.

५. कोणत्या वयासाठी? 'सर्वांसाठी' असं लिहायचं नाही.

नमुना परिचय

आमच्या पुस्तकपेटीतल्या वहीत मी 'गुठली'बद्दल जे लिहिलंय ते देते, म्हणजे अंदाज येईल :

'गुठली भरपूर बोलते, गोष्टी रचते, सायकल चालवते. तिच्या घरचे तिला मुलगा समजतात, तिला मात्र आपण मुलगी आहोत असं वाटतं. पुस्तकात कोणी राक्षस नाही. घरची माणसं प्रेमळच आहेत, पण गोंधळलेली आहेत आणि त्यांच्या गोंधळानं गुठली गप्प होते. बडबडी गुठली आणि गप्प गुठली यांतला फरक मुलांना चित्रांतून लगेच दिसतो. शब्द न वाचता आधी फक्त चित्रं दाखवावीत. शेवट आनंदाचा आहे. दुसरीपासून पुढे कोणालाही सांगता येईल. भाषा इंग्रजी, पण वाक्यं छोटी, मराठीत सहज सांगता येतात. मुलं 'मुलगा की मुलगी?' असं विचारतील, तेव्हा 'गुठली काय म्हणते?' असं विचारून पुस्तकाकडे परत यावं.'

वर्गात काय झालं

हा परिचय मी आधी आमच्या मुख्याध्यापक सरांना दाखवला. सरांनी पुस्तक दोनदा चाळलं. विचारलं, "टाचणात काय लिहिणार मॅडम?"

"चित्रवाचन आणि श्रवण."

"बरं. कोणी विचारलं तर ही वही दाखवा."

वर्ग चौथीचा. वर्गात एक मुलगा होता, मधल्या सुट्टीत मुलींबरोबर सागरगोटे खेळणारा, रांगोळी सुरेख काढणारा. मुलं त्याला 'ए बाई' म्हणायची. तो कोण आहे, मोठा होऊन कोण होईल, मला माहीत नाही आणि ते ठरवणं माझं कामही नाही. काही मुलांना रांगोळी नुसतीच आवडते. पण 'ए बाई' ऐकून त्याचा चेहरा उतरायचा, ते मला दिसत होतं.

मी आधी नुसती चित्रं दाखवली. 'काय दिसतं?' विचारलं. सायकल दिसली, गुठली दिसली, तिचं हसणं दिसलं. मग गोष्ट सांगितली. काही मुलं हसली. एक जण म्हणाला, "बाजारात पैसे मागायला येतात तसं का?" मी म्हटलं, "ते लहान असताना कसे असतील? शाळेत जात असतील का?" यावर वर्गात बराच वेळ बोलणं चाललं, उलटसुलट. एक मुलगी म्हणाली, "गुठलीला सगळे सारखं सारखं तेच विचारतात, म्हणून तिला राग येतो." तो मुलगा काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून पेटीतून ते पुस्तक नाहीसं झालं. नोंदवहीत त्याची सही होती. आठवडाभरानं त्यानं परत आणून ठेवलं. मी काही विचारलं नाही. 'ए बाई' लगेच थांबलं नाही, पण ते कोणी म्हटलं की दुसरं एखादं पोर "ए, गप रे" म्हणायला लागलं.

एका मुलाचे वडील मात्र शाळेत आले. "मॅडम, हे काय शिकवताय पोरांना?" मी त्यांना बाकावर बसवलं, पुस्तक हातात दिलं आणि वहीतलं पानही दिलं. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं. म्हणाले, "मला काही पटलं नाही. पण यात घाण काही नाही." आणि गेले. त्यांचं मत बदललं नाही. पण पुस्तक न बघता आलेला माणूस पुस्तक बघून गेला, आणि तक्रार पुढे गेली नाही.

सुरुवात कुठून करावी

लहान मुलांना शिकवत असाल तर 'गुठली'पासून. माध्यमिकला असाल, किंवा घरात कॉलेजात जाणारं मूल असेल, तर 'हार्टस्टॉपर' आधी स्वतः वाचा, मग त्यांना विचारा; बहुतेक त्यांनी आधीच वाचलेलं निघेल. मराठीतच वाचायचं असेल तर 'कोबाल्ट ब्लू' आणि 'मी हिजडा... मी लक्ष्मी!'. 'कारी' आणि 'फन होम' सुट्टीत, निवांत, दोनदा वाचायची पुस्तकं आहेत. पहिल्यांदा शब्द वाचा आणि दुसऱ्यांदा शब्दांवर हात ठेवून फक्त चित्रं बघत जा. वाचताना वही जवळ ठेवा आणि पहिल्या पानावर काय दिसलं, तेवढं आधी लिहून काढा.